भाऊ साटमांची वही आणि अक्षताचा डावा हात

मुलुंड पूर्वेच्या ‘नवचैतन्य’ सोसायटीला मोकळी जागा भरपूर आहे. तिथे एकतीस गाड्या उभ्या असतात. गाड्यांतून जी थोडी जागा उरते, तिथे एक पाटी उभी असते : ‘आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई. हुकुमावरून.’ नागरिकहो, ही पाटी तुमच्याही सोसायटीत असेलच. नसेल तर तुमचा सेक्रेटरी अजून नवीन आहे.

ही पाटी न जुमानणारी नवचैतन्यमधली एकमेव व्यक्ती म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची अक्षता. वय चौदा. रोज संध्याकाळी पाच ते सहा ती इमारतीच्या मागे, पंपरूम आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात बास्केटबॉल आपटत पळायची. जिल्ह्याच्या टीमची निवड दोन आठवड्यांवर आली होती. तिचा उजवा हात झकास चालायचा. डावा मात्र नुसता खांद्याला लावल्यासारखा. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “समोरच्या पोरींना दोन मिनिटांत कळतं तुझा डावा कच्चा आहे ते. मग त्या तुला डावीकडेच ढकलतात आणि तू बॉल घालवतेस. डावा तयार कर, नाहीतर पुढच्या वर्षी ये.” शाळेचं कोर्ट मुलींना आठवड्यातून दोनच दिवस मिळायचं. उरलेले दिवस पंपरूमचे.

पंपरूमसमोरच तळमजल्यावर भाऊ साटमांची खिडकी. भाऊ मूळचे देवगडचे. एसटीत तीस वर्षं त्यांनी गाड्या किती वाजता आल्या आणि किती वाजता सुटल्या, एवढंच लिहिलं. निवृत्तीनंतर लिहायला गाड्या उरल्या नाहीत, पण सवय उरली. त्यामुळे दुपारची झोप पाचला मोडली, तशी त्यांनी शंभर पानी वही काढली.

“अहो, बाहेर जाऊन पोरीशी बोला की,” त्यांची बायको नलिनी म्हणाली.

“ज्याच्याबद्दल तक्रार करायची त्याच्याशी बोलायचं नसतं. तक्रार मऊ पडते.”

सेक्रेटरी राजेश प्रधानांनी तर शब्दच दिला होता, “भाऊ, पुरावा आणा. शनिवारच्या मीटिंगमध्ये ठराव टाकून पोरीला बंदी घालतो.”

भाऊंनी पुरावा जमवायला घेतला. पहिल्या दहा मिनिटांत ठोके सलग पडायचे, मोजायला सोपे. मग आवाज बदलायचा. ठप, ठप-ठप, ठप... आणि चेंडू कुणाच्या तरी गाडीखाली. या अडखळत्या त्रासाची, न तुटता सलग किती ठोके पडले याची, भाऊंनी वेगळी नोंद ठेवली. बुधवारी तो मोजता मोजता त्यांचा चहा गार झाला. गुरुवारी ते पाच वाजायच्या आधीच उठून बसले.

“आज किती?” नलिनीने आतून विचारलं.

“बावीस!” भाऊ ओरडले. मग सावरून म्हणाले, “म्हणजे, त्रास वाढलाय.”

शनिवारी गच्चीवर मीटिंग भरली. पंधरा सभासद, एक चिवड्याचा डबा, आणि कोपऱ्यात आईशेजारी अक्षता. प्रधानांनी खूण केली. भाऊंनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

“सोमवार. अडखळता त्रास : सलग सात ठोके, नंतर चेंडू प्रधानांच्या गाडीखाली. मंगळवार : नऊ. बुधवार : सोळा.”

“अरे वा!” सपना ठक्कर म्हणाल्या. त्यांच्याकडे सगळ्यांनी बघितलं.

“गुरुवार : बावीस. शुक्रवार : एकतीस!”

“आणि आज? आज किती, भाऊ?” मागून दोघं-तिघं एकदम ओरडले. चिवडा खाणारे हात थांबले होते.

“आज अडतीस,” भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, आणि चेहऱ्यावर जे काही होतं त्याला तक्रार म्हणणं कठीण होतं.

“भाऊ, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?” प्रधान वैतागले.

तेव्हा नलिनी उठली.

“मी सांगते. प्रधान, तुमच्या घरात चार महिने लाद्या फोडत होते. त्याची वही कोणी ठेवली? इथल्या एकतीस गाड्या रिव्हर्स घेताना रोज केकाटतात, त्याचा ठराव झाला? आपल्याला मोठ्यांचा आवाज ऐकू येत नाही, पोरांचा तेवढा टोचतो! मी विचारलं तिला. ही पोर रोज एक तास आपल्या कच्च्या हाताला शिकवतेय. आणि अहो, तुम्ही! सहा दिवस ठोके मोजलेत, पण ती करतेय काय, हे एकदा तरी विचारलंत?”

भाऊ सावकाश अक्षताकडे वळले.

“तो अडखळणारा... डावा हात होता का गं?”

“हो आजोबा. पुढच्या रविवारी ट्रायल आहे. बंदी आली तर वाट लागली.”

“आणि ठेका दर वेळी पंपरूमपाशीच का तुटतो?”

अक्षता चकित झाली. “तिथे वळावं लागतं ना. वळताना मी बॉलकडे बघते.”

“बघायचं नाही!” भाऊ उभेच राहिले. “आमचे ड्रायव्हर काय स्टिअरिंगकडे बघून घाट उतरायचे? नजर रस्त्यावर! आणि चेंडू खाली ठेव, गुडघ्याच्या वर नको. उंच गेला की आवाज उशिरा येतो, उशिरा आला की पुढच्या दोन ठोक्यांत सुटतो. लिहून ठेवलंय मी! चल, खाली चल!”

मीटिंग विषयपत्रिकेसकट खाली उतरली. पट्ट्याच्या तोंडाशी एक गाडी आडवी होती. ती प्रधानांची. त्यांनी ती लगेच काढली. अक्षता वाकली, मान वर केली आणि डाव्या हाताने सुटली. भाऊ मोजू लागले. विसाला सपनाबेन मोजू लागल्या. तिसाला सगळेच. पंपरूम आली, अक्षता वळली, नजर समोर, आणि ठप-ठप-ठप तुटलंच नाही! “पन्नास!” हा आवाज प्रधानांचा होता. एकसष्टला चेंडू सुटला, तेव्हा पंधरा सभासदांना धाप लागली होती.

बंदीचा ठराव कोणी मांडलाच नाही. उलट पाच ते सहा मागचा पट्टा मुलांसाठी मोकळा ठेवायचा, असं एकमताने ठरलं. नवचैतन्यच्या इतिहासातलं हे पहिलं एकमत.

ट्रायलमध्ये बारा मुली निवडल्या. अक्षता बारावी आली. भाऊ ही बातमी सांगताना ‘बारावी’ जरा हळू आणि ‘निवडली’ जरा मोठ्याने म्हणतात.

तर नागरिकहो, आपली झोप मोडणाऱ्या आवाजाची तक्रार जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण लिहिण्याआधी खिडकी उघडून बाहेर कोण आहे ते बघा, आणि त्याला विचारा, बाबा रे, तू काय करतोयस? गाडीला जागा दिली तर ती रात्रभर नुसती उभी राहते. मुलाला दिली तर ते काल जमत नव्हतं ते आज करून दाखवतं!