पाण्याच्या ओळीने उघडी पाडलेली माझी चूक

मी एक जुना फवारणीचा पंप आहे, मित्रांनो. सोळा लिटरचे पोट घेऊन आसामात पुण्येश्वरी चेतियाच्या घरी आलो, तेव्हा माझा रुबाब विचारूच नका! तिच्या छोट्या चहामळ्यात तिच्याच पाठीवर बसून मी बारा वर्षे फिरलो. माझे कौतुक सगळे करत, धूत मात्र कोणी नसे.

एका वर्षी ढेकण्या किडीने कोवळी पाने काळ्या डागांनी भरून टाकली. पुण्येश्वरीचा दीर डिंबेश्वर याने दुकानातून जालीम औषध आणले. पानांत विष उरले म्हणून चहाच्या कारखान्याने पाला परत पाठवला. मग तिने सौम्य औषध मारले, सांगितलेले सात दिवस थांबली, तरी पाला परत! कारखान्याचे बाबू म्हणाले, "आणखी एकदा असं झालं, तर तुमचा पाला कायमचा बंद."

"नबौ, जालीमच मारूया," डिंबेश्वर वहिनीला म्हणाला. "पाला तसाही परतच येतोय. निदान किडे तरी मरतील!"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! आणि पाला विकू कुणाला, तुझ्या किड्यांना?"

काय डोके त्या बाईचे! तिने जुनी मच्छरदाणी फाडून पिशव्या शिवल्या आणि तीन ओळींत शेंड्यांवर दहा-दहा किडे कोंडले. एका ओळीवर जालीम औषध, दुसरीवर सौम्य आणि तिसरीवर नुसते पाणी मारायचे, म्हणजे किडे औषधाने मरतात की आपणहून, ते कळेल. पाण्याची ओळ तिने आधी फवारली. सकाळी पाहते तो त्याच ओळीत आठ मेलेले!

"नबौ, आता औषध कशाला? पुखुरीतलं पाणीच मारू!" तळ्याकडे बोट दाखवून डिंबेश्वर खदखदून हसला.

ती हसली नाही. माझे झाकण उघडून तिने वास घेतला. "ह्याच्या पोटात अजून ते जालीम बसलंय. म्हणूनच सौम्य मारूनही पाला परत आला."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने मला नळीसकट तीनदा घासून धुतले आणि ते पाणी पुखुरीपासून लांब, पडीक खड्ड्यात ओतले. मग पुन्हा परीक्षा. पाण्याच्या ओळीतले दहाही किडे जिवंत. सौम्य औषधाने सात मेले, जालीमने नऊ.

"बघ, माझं औषध जिंकलं!" डिंबेश्वर म्हणाला.

"उरलेले किडे मी हातानं वेचीन. तुझं विष पानातून कसं वेचू?"

तिने सौम्य औषध निवडले, मला पुन्हा घासून धुतले आणि किडे वर येतात त्या संध्याकाळच्या वेळी फवारले. सात दिवस थांबून पाला खुडला. पाल्याची गाडी कारखान्यात गेली आणि या वेळी रिकामी परत आली. पुण्येश्वरी तिच्या चाकाला टेकून रडली.

मित्रांनो, औषध निवडण्याची अक्कल तिची. मला फक्त स्वच्छ राहायचे होते, पण तेवढेही मला एकट्याला जमत नाही. काम झाले की मला धुवा.