सातवी ओळ

‘सातवी ओळ चुकलीय,’ प्रोफेसर माल्फान्ती म्हणाले आणि फळ्याशी उभ्या ओर्नेलाचा चेहरा उतरला. ती त्यांचीच विद्यार्थिनी. मी कॉफी द्यायला गेले होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पिसाच्या गणित विभागात मी टायपिस्ट होते. चिन्हांसाठी मी जागा सोडायची, ती प्रोफेसर शाईनं भरायचे. एकोणीस वर्षं एकाच प्रमेयाचे खर्डे मी बडवले. ताणलेल्या तारेचा ताण काळाबरोबर बदलत राहिला, तर आजच्या स्थितीवरून तिची पुढची हालचाल ठरते का? ताण गुळगुळीत बदलला तर ठरते, हे सिद्ध झालेलं. तो कितीही थरथरला, फक्त मध्ये तुटला नाही, तरी ठरते, असं प्रोफेसरांचं म्हणणं. ‘इस्टरपर्यंत होईल, सिन्योरा नेल्दा,’ ते दरवर्षी सांगत आणि मी दरवर्षी नवी रिबन मागवत असे. काय छान दिवस होते ते.

ओर्नेलानं न तुटणारा, पण अधिकाधिक भरभर थरथरणारा असा एक ताण रचला होता, की तारेची हालचाल क्षणात हाताबाहेर जावी. ते खरं ठरलं, तर प्रोफेसरांचं सगळं मुसळ केरात. आणि तिची सातवी ओळ चुकली होती. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं.

ते उठले. खडू घेऊन बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग थरथरीचे टप्पे त्यांनी आखूड केले.

‘आता बघ. बसतंय.’

‘पण प्रोफेसर, मग तुमचं...’

‘माझं चुकलं. लिहून काढ. आणि माझं नाव घालू नकोस. एका ओळीसाठी कुणी नाव घालतं का?’

दुपारी त्यांनी कपाटातले सगळे खर्डे माझ्या टेबलावर आणून ठेवले. ‘हे ओर्नेलाला द्या. कच्चं लिहायला होतील. पाठकोरे आहेत.’

‘मी टाइप केलेत ते,’ मी फणकाऱ्यानं म्हणाले.

‘माहीत आहे, सिन्योरा.’ त्यांनी कोट चढवला. ‘माफ करा.’

मला रडू आलं. मग पोरीच्या बोटाला लागू नये म्हणून मी एकेक टाचणी काढली आणि गठ्ठा कोरी बाजू वर करून ठेवला.