पूलवाल्याचा माइक

सांगून कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण राज्याच्या तिजोरीचं वळण एकदा एका माणसाच्या अंगठ्याने बदललं. त्या माणसाला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या दिवशी सकाळी त्याला एवढंच कळत होतं, की बायकोने शिलाई मशीनवर कापड टाकून ते झाकून ठेवलं आहे.

“आज काम नाही वाटतं?” त्याने कप बशीत जरा जोरातच ठेवला.

“आहे की ढीगभर. पण दुपारी त्याचं भाषण आहे ना. मशीनच्या खडखडाटात धड ऐकू येत नाही. शेजारच्या मावशींनाही बोलावलंय.” बायको रेडिओवरची धूळ पुसत म्हणाली. “आणि अहो, जरा मोठा ठेवा हो त्याचा आवाज. मागच्या खेपेला फार बारीक येत होता.”

“आवाजच बारीक आहे त्याचा.”

“त्याचा? गल्लीच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाची कुत्री उठायची!”

ही माहिती त्याने मागितली नव्हती. तो तसाच उठला आणि कामावर गेला.

काम म्हणजे विधिमंडळात माइक उघडण्याचं. सभागृहाच्या वरच्या अंगाला काचेची एक खोली होती. तिथे तो बसायचा. समोरच्या पॅनेलवर आमदारागणिक एक बटण. अध्यक्षबाईंनी नाव पुकारलं की माइकवाल्याने बटण दाबायचं. मग आमदारासमोर लाल दिवा लागायचा आणि त्याचा आवाज रेडिओवरून राज्यभर जायचा. कोणी माइक गिळायला निघाल्यासारखा बोलायचा, कोणी स्वतःच्या पोटाशी बोलायचा, एकजण तर कुजबुजायचा तेही डरकाळी फोडून. माइकवाला सगळ्यांना सांभाळून घ्यायचा. कोण बोलणार हे त्याला समोरच्याने घसा खाकरायच्या आधी कळायचं. एकदा एका आमदाराने मनातल्या मनात हरकत घेतली आणि इकडे माइक उघडला, असं म्हणतात. त्या बिचाऱ्याला मग उभं राहून काहीतरी बोलावंच लागलं.

इतक्यांची तोंडं उघडून देणारा हा माणूस घरी आला, की मात्र मिठाची गुळणी धरून बसायचा. बायको विचारायची, “आज काय झालं?” हा म्हणायचा, “बोलले.” “काय बोलले?” “बरंच.” एवढ्यावर बायको तरी किती दिवस काढणार? तिने रेडिओ घेतला.

आणि रेडिओवर तो भेटला. तिच्या माहेरच्या गल्लीतला, आता आमदार झालेला. निवडून आल्यापासून पूल, रस्ते आणि पाण्याच्या टाक्या सोडून तो दुसऱ्या कशावर बोलला असेल तर शपथ. काचेच्या खोलीत त्याचं नाव पूलवाला पडलं होतं. तो बोलला की बायको हातातली सुई थांबवायची. “कसं समजेल असं बोलतो बाई!” हे वाक्य माइकवाल्याच्या दाताखाली खड्यासारखं यायचं. त्यात पुन्हा नवऱ्याला ‘अहो’ आणि पूलवाल्याला नुसतं ‘तो’! ‘अहो’ला दारात खुर्ची टाकून बसवलंय आणि ‘तो’ सरळ स्वयंपाकघरात हिंडतोय, असं माइकवाल्याला वाटायचं.

दुपारी अंदाजपत्रकावर चर्चा सुरू झाली. माइकवाल्याचा जोडीदार चहाला गेला होता. अध्यक्षबाईंनी पूलवाल्याचं नाव घेतलं. माइकवाल्याने बटण दाबलं, आणि प्रामाणिक माणूस म्हणून आवाज थोडा मोठाही केला.

“अध्यक्ष महोदया,” पूलवाला म्हणाला, “नव्या पुलाला फीत असते, कात्री असते, फोटो असतो. जुन्या पुलाला फक्त गंज असतो. आपण दरवर्षी नवं बांधतो आणि बांधलेलं वाऱ्यावर सोडतो. नळांतून गळणारं पाणी अडवलं तर निम्म्या नव्या टाक्या लागणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की जे बांधाल त्याच्या देखभालीचा वाटा त्याच खर्चातून आधी बाजूला काढा. त्या वाट्याला मंत्र्यांनीसुद्धा हात लावायचा नाही. तिजोरी आपली नाही. आपल्या हाती फक्त किल्ली दिली आहे.”

मागच्या बाकांवर जांभया चालल्या होत्या. माइकवाल्याला मात्र राग आला, कारण त्याला ते पटलं. बायको आत्ता मान डोलावत असणार, हेही त्याला दिसलं.

“तुम्हाला हे खोटं वाटत असेल, तर आमच्या गल्लीतलं सांगतो,” पूलवाला पुढे म्हणाला. “एकच सार्वजनिक नळ होता. त्याची तोटी गळायची. सगळे नगरपालिकेला शिव्या द्यायचे आणि घरी जायचे. पण आमच्या गल्लीत एक मुलगी होती...”

अंगठा खाली गेला.

आपोआप गेला, असं माइकवाल्याने पुढे स्वतःला पुष्कळ समजावलं. लाल दिवा विझला. पूलवाल्याचे ओठ नुसतेच हलले. कोणीतरी हसलं. पूलवाल्याने माइकवर टिचकी मारली, पुन्हा मारली, मग तो बाजूला सारला आणि छाती भरून घेतली.

त्या आवाजाबद्दल बायको खोटं बोलली नव्हती.

“ती मुलगी रोज स्वतःच्या परकराची चिंधी फाडून त्या तोटीला बांधायची! कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शाबासकी देत नव्हतं! राज्य कसं चालवावं ते मी तिच्याकडून शिकलो! आणि हे बघा!” त्याने मेलेला माइक उचलून धरला. “जिथे राज्याचा कारभार ठरतो, तिथला माइकसुद्धा कोणी वेळेवर तपासत नाही! याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?”

मग जी बाकं वाजली, म्हणता! शपथविधीपासून झोपलेला एक आमदार दचकून जागा झाला आणि विरोधी पक्षाचा असूनही बाक बडवायला लागला. भिंतीवरचं बंद घड्याळ त्या हादऱ्याने चालू झालं असंही सांगतात, आणि आपण कशाला नाही म्हणा?

अध्यक्षबाईंनी वर काचेकडे पाहिलं. “वर कोण आहे? काय झालं?”

माइकवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा माइक उघडला. खरं बोलावं तर नोकरी जाणार आणि खोटं बोलावं तर पूलवाला जिंकणार. सगळं सभागृह मान वर करून वाट बघत होतं.

“बिघाड, बाईसाहेब,” तो म्हणाला. “जुनं झालंय सगळं.”

त्या सभागृहातलं त्याचं हे एकमेव भाषण. त्यावरही बाकं वाजली, पण पूलवाल्यासाठी. देखभालीचा वाटा त्याच बैठकीत मंजूर झाला.

कामकाज संपल्यावर जिन्यात पावलं वाजली. दार ढकलून पूलवाला स्वतः आत आला, घामाघूम, घसा बसलेला.

“भावोजी!”

माइकवाल्याने मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

“आज तुमच्या यंत्राने माझी लाज राखली. भाषण पडत होतं हो, मला कळत होतं ना. ताई बरी आहे? चिंधीचं ऐकून हसली असेल रेडिओवर.”

“ते रेडिओवर गेलं नाही.”

“अरेरे! मग तुम्हीच सांगा तिला. सांगा, तुझी चिंधी आज सभागृहात पोचली. तुमच्याइतकं नीट कोणी ऐकलंय?” त्याने माइकवाल्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि तो धडधडत जिना उतरून गेला.

ताई म्हणाला, भावोजी म्हणाला. खरं तर इथे पोटातली आग विझायला हवी होती. घरी जाताना माइकवाल्याने ती विझवायचा प्रयत्नही केला. पण जळत होतं ते भलतंच. बायको लहानपणी परकर फाडून नळाला चिंधी बांधायची, हे इतक्या वर्षांत त्याला माहीतच नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्या माणसाला माहीत होतं, आणि आता सगळ्या सभागृहालाही. तिला हे सांगावं, तर ती पूलवाल्यासाठी दिवसभर हसत राहणार. गिळून टाकावं, तर कोणाला कळणार होतं?

बायको दारातच उभी होती. मागे रेडिओपाशी शेजारच्या मावशी.

“अहो, काय झालं? ‘एक मुलगी होती’ म्हणाला आणि आवाजच गेला! पुढे काय म्हणाला? सांगा ना!”

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या पुढच्या शब्दासाठी ती अशी कधी थांबली नव्हती. माइकवाल्याला ते चढलं. तो बसला, पाणी मागितलं आणि सुरू झाला.

“अगं, काय सांगू! पॅनेलमधून एकदम जाळ निघाला! खोलीभर धूर! सगळे पळाले. मी दोन वायरी अशा नुसत्या हातात धरल्या...”

“अगं बाई!” मावशी म्हणाल्या. “शॉक नाही बसला?”

“बसला तर! पण सोडतोय कुठला? माझे केस उभे, तिकडे अर्थमंत्री आडवे! अध्यक्षबाई म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून आज सभागृह वाचलं.”

“बघू हात,” मावशी चष्मा सावरत पुढे सरकल्या.

“आता उतरलं सगळं.”

“इतक्या लवकर? काय लावलंत?”

“ते राहू द्या हो, मावशी,” बायको म्हणाली. “त्या मुलीचं काय म्हणाला?”

“मुलगी? हां, ती.” त्याने पाण्याचा घोट घेतला. “होती म्हणे कोणीतरी. नळ उघडा टाकून जायची. लोक सरकारी पाण्याची कशी नासाडी करतात, त्याचं उदाहरण दिलं त्याने.”

“मुलींना वळणच नाही,” मावशी म्हणाल्या.

बायकोने हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला.

“खोटं,” ती म्हणाली. मावशींच्या देखत, चांगलं मोठ्याने. “त्या नळापाशी मुलगी एकच असायची, आणि ती नळ उघडा टाकणारी नव्हती. तो काय म्हणाला असेल ते मला न ऐकता कळतंय. आणि तुमचा जाळ खोटा, धूरही खोटा. माइक बिघडला की आधी कण्हतो, मग खरखरतो, मग जातो. लग्न ठरलं तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत मला, बसस्टॉपवर उभं राहून, येणाऱ्या बस सोडून देत. तुमचा एक शब्द विसरले नाही मी. होतेच किती! हा माइक कण्हला नाही. हा तुम्ही बंद केलात.”