चांगुणा भेटायला आली नाही

दाखल क्रमांक सातशे बारा जागेवर नाही, हे मला वाचनालयात कामाला लागल्याच्या नवव्या दिवशी कळलं. मंगळवार होता. कपाटं तीनदा मोजली. तिन्ही वेळा एक पुस्तक कमी.

मी तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. मे महिन्यात रिटायर झालो. त्याआधी फेब्रुवारीत माझी बायको सत्यशीला गेली. सकाळी भाकरी थापताना छातीत कळ आली. मी तारकपूरच्या स्टँडवर होतो. फोन आला. त्याबद्दल मला एवढंच लिहिता येतं.

वाचनालयाची जागा मी मागितली नव्हती. आधीचे ग्रंथपाल अमृत गुरुजी मुलाकडं पुण्याला राहायला गेले आणि अध्यक्ष गहिनीनाथराव माझ्या दारात आले.

"कंडक्टर, घरात बसून काय करताय? वाचनालय सांभाळा."

"मी पुस्तकं वाचत न्हाई."

"ग्रंथपालानं वाचायची नसत्यात, द्यायची असत्यात. तुमी काय परत्येक गावाला उतरून बघितलंय का? तिकटं देतच हुता ना?"

तर ऑगस्टपासून मी ग्रंथपाल झालो. रोज संध्याकाळी चार ते आठ. पहिल्या आठवड्यात काही चुका झाल्या. पुस्तक देताना मी सभासदाच्या कार्डाला माझ्या जुन्या पंचनं भोक पाडत होतो. गहिनीनाथरावांनी विचारलं, "ह्ये काय?" म्हटलं, "त्येच कार्ड पुन्हा वापरू नये म्हणून." त्यांनी डोक्याला हात लावला. बायकांनी लिहिलेली पुस्तकं मी दारालगतच्या कप्प्यात लावली, राखीव. आत्मचरित्रं मागच्या बाकावर. आठ वाजता "चला, गाडी डेपोत जाणार" असं तोंडातून गेलं आणि पेपर वाचत बसलेले चार म्हातारे खरंच पिशव्या घेऊन उठले.

पुढच्या सोमवारी जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार होते, म्हणून मोजणी काढली होती. सातशे बारा सापडेना तेव्हा दाखल रजिस्टर उघडलं. 'नाव: फाटलेले. कादंबरी. पाने ३१२. शेवटचे पान आहे.' मग देवघेवीचं रजिस्टर उघडलं. तीन जानेवारी, सातशे बारा, आणि पुढं गुरुजींच्या अक्षरात सभासदाचं नाव: सत्यशीला भीमा पगारे.

माझी बायको वाचनालयात यायची, हे मला रजिस्टरानं सांगितलं.

गहिनीनाथराव म्हणाले, "सोडा की. शेरा मारा, गहाळ."

पेन उचललं. पण तिच्या नावापुढं तो शब्द लिहायला हात होईना. सत्यशीलानं आयुष्यात कुणाची वाटीसुद्धा ठेवून घेतली नाही. साखरेची वाटी परत करायची तर रिकामी द्यायची नाही म्हणून चार शेंगदाणे टाकून द्यायची. तिच्या नावावर गहाळ? मी म्हणालो, "सोमवारच्या आत आणतो."

रात्रीच्या जेवणाआधी घर पालथं घातलं. पेटी, माळा, गाद्यांच्या घड्या, बाजरीचा डबा. तिचा चाळिशीचा चष्मा सापडला. एक काडी दोऱ्यानं बांधलेली, काचांवर पीठ. माझी तीन वर्षांपूर्वी हरवलेली शिट्टी सापडली. पुस्तक नाही.

मग मला चांगुणा आठवली, आणि राग आला.

चांगुणा म्हणजे सत्यशीलाच्या माहेरची, देवळाली प्रवरेची मैत्रीण. असं मी धरून चाललो होतो. जानेवारीपासून मी जेवायला बसलो की सत्यशीला तिचंच सांगायची. चांगुणाची स्टँडजवळ खानावळ. नवरा रविराज 'आलोच' म्हणून गेला तो आठ वर्षं आला नाही. दीर जागा बळकावायला आला तर चांगुणानं त्याला उलथनं घेऊन हाकलला. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. मग रविराजचं पत्र आलं, गुरुवारच्या गाडीनं येतो म्हणून. मी म्हणालो, "गुरुवारी माझी ड्यूटी त्याच रूटला हाय. दिसला तर गाडीतच धरतो." सत्यशीला इतकी हसली की तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मला वाटलं, मैत्रिणीची कुणीतरी काळजी घेतंय म्हणून खूश झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता बुधवार संपलाय. चांगुणानं डाळ भिजत घातलीय. त्याला घरात घ्यायचं का न्हाई, ह्ये तिचं ठरंना. पुढचं उद्या सांगते."

तो उद्या म्हणजे ती गेली तो दिवस.

तिच्या जलदानविधीला चार गावची माणसं आली. माझ्या गाडीचे पासवाले आले. ज्याला मी एकदा विनातिकीट पकडला होता तोसुद्धा हात जोडून गेला. चांगुणा आली नाही. मी दाराकडं बघत होतो. जिच्यासाठी सत्यशीला माझ्या आमटीत मीठ घालायला विसरायची, ती बाई तासाभराच्या वाटेवरून भेटायला येऊ शकली नाही. सहा महिने मी तो राग धरून होतो.

पुस्तक तिच्याकडंच असणार. बुधवारी सकाळी मी देवळालीला निघालो. पुस्तक आणायचं आणि दोन शब्द सुनवायचे.

सत्यशीलाचा भाऊ सम्राट अंगणात दाढी करत होता.

"कोन चांगुणा?" तो म्हणाला.

"तुझ्या बहिणीची मैत्रीण."

"दाजी, आमच्यात चांगुणा एकच हुती. आजीची म्हैस. ती बी मेली."

"चेष्टा करू नको. खानावळ हाय तिची, स्टँडपाशी."

"खानावळ हाय एक राहुरी फॅक्टरीच्या स्टॉपवर. पर ती सुरेखाबाईची."

मी विचार केला, नवरा सोडून गेलेली बाई नाव बदलत असेल. तसाच परत फॅक्टरीच्या स्टॉपवर आलो. खानावळीत एक जाड बाई भाकरी थापत होती. शेजारी उलथनं होतं. माझी खात्री पटली.

"बाई, रविराज आला का गुरुवारी?"

"कोन रविराज?"

"लपवू नका. मला समदं ठाऊक हाय. आठ वर्षं तुमी एकटीनं काढली. नवरा पळून गेला, दिराला तुमी उलथन्यानं…"

आतून एक आडवा माणूस कांदा चिरायची सुरी घेऊन बाहेर आला. "काय झालं गं?"

"ह्ये पाव्हणं म्हनत्यात, तुमी आठ वर्षं पळून गेलाय."

"कधी?" तो म्हणाला. "मला तर लग्नापास्नं एक दिवस सुट्टी न्हाई."

मी माफी मागितली. बायको नुकतीच गेली आहे, हे सांगितलं. मग त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नवरा दोनदा म्हणाला, "पर कुनी सांगितलं वो तुमाला, पळालो म्हणून?" त्याला ती कल्पना थोडी आवडलेली दिसली.

गुरुवारी बाजरी संपली. डबा घेऊन आक्काबाईच्या गिरणीत गेलो. आक्काबाई माझ्या आईच्या वयाची. गिरणी चालू होती, चार-पाच बायका पोत्यांवर बसल्या होत्या. त्यांच्यात शेजारची रुपाली. मला पाठीमागं कुणी पाहिलं नाही. रुपाली मोठ्यानं म्हणाली, "आक्का, चांगुणानं त्याला घरात घेतलं आसंल का वो?"

माझ्या हातातला डबा खाली पडला.

"तुमी चांगुणाला वळखता?"

"आमी?" रुपाली म्हणाली. "भावजी, सगळी गिरणी वळखती."

"मंग ती भेटायला का न्हाई आली? एवढी जिवाभावाची म्हणवत हुती अन् मातीला न्हाई, जलदानाला न्हाई! कुठं ऱ्हाती ती? पत्ता द्या मला."

आक्काबाईनं गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबेपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली.

"भीमा," ती म्हणाली, "ती पुस्तकातली हाय रं."

स्विचबोर्डाच्या वर फळी होती. तिच्यावरून तिनं फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं. पीठ झटकलं. पाठीवर चिठ्ठी होती, सातशे बारा.

"सत्यशीला दळणाला आली की वाचायची आमाला," आक्काबाई म्हणाली. "लाईट गेली की गिरणी बंद अन् सत्यशीला चालू. आमी तर देवाला म्हणायचो, लाईट जाऊ दे."

मी पोत्यावर बसलो. पुस्तकात खूण होती. माझ्याच मशीनचं तिकीट, राहुरी ते कोल्हार, एक प्रौढ. मला कळेना की सहा महिन्यांचा राग आता कुठं नेऊन ठेवायचा. मग आठवलं, मी रविराजला गाडीत धरतो म्हणालो होतो. आठवलं, ती कशी हसली होती. मलाही हसू आलं आणि असा ठसका लागला की रुपालीनं पाणी दिलं. त्या पाण्यानंतर मी बराच वेळ मान खाली घालून बसलो. बायकांनी आपापली पिठं चाळायला घेतली.

मग मी म्हणालो, "पुस्तक द्या. सोमवारी तपासणी हाय."

"आदी चांगुणाचं काय झालं सांग, मंग न्हे," आक्काबाई म्हणाली.

"मंग इतके दिवस तुमच्यातल्या कुणी वाचलं का न्हाई?"

"म्या काढलं हुतं एकदा," रुपाली म्हणाली. "पर सत्यशीलाताईवानी रविराज कुनालाच येत न्हाई."

शेवटी मीच वाचायला घेतलं. आयुष्यात तिकिटावरचं आणि पाट्यांवरचं सोडून मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. पण आवाज होता. गिरणी चालू असतानाही शेवटच्या पोत्यापर्यंत जात होता.

"भावजी, जरा हळू," रुपाली म्हणाली. "चांगुणा रडतीया. कोल्हारला उतरत न्हाई."

सोमवारी साहेब आले. कपाटं बघितली, राखीव कप्पा दोनदा बघितला. मग विचारलं, "सातशे बारा?"

"गिरणीत हाय," मी म्हणालो.

त्यांना विश्वास बसेना म्हणून गिरणीत नेलं. आक्काबाईनं त्यांना खुर्ची दिली आणि गोष्ट सुरुवातीपासून बुधवारपर्यंत सांगितली. साहेबांनी पुस्तक हातात घेऊन बघितलं, रजिस्टर बघितलं, आणि मला म्हणाले, "मयत सभासदाच्या नावावर पुस्तक ठेवता येत नाही. तुमच्या नावावर घ्या."

"घेतो," मी म्हणालो.

गाडीत बसताना त्यांनी काच खाली केली. "शेवटी घेतलं का हो तिनं त्याला घरात?"

"अजून गाडी आली न्हाई, साहेब."

त्याला आता दीड महिना झाला. दळणाच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून दोनदा, मी गिरणीत दोन पानं वाचतो. त्याच्यावर तिसरं पान वाचत नाही. बायका कुरकुर करतात. आक्काबाई म्हणते, "एस्टीत हुता त्यो. येळेवर कसा पोचंल?" चष्मा तिचाच वापरतो, काडीला नवा दोरा बांधला आहे. अमृत गुरुजींना पुण्याला फोन केला, तर ते म्हणाले, सत्यशीलानं याआधी एकशे नव्वद पुस्तकं नेली आणि सगळी परत केली. मग मला जेवताना ऐकलेली आणखी बरीच माणसं आठवली. लोणीचा तो सायकलवाला. ती जुळ्या मुलांची आई. त्यांची चौकशी मी अजून केलेली नाही.

गुरुवारची गाडी स्टँडात शिरली आहे. माणसं उतरायला लागली आहेत. अठरा पानं उरली आहेत आणि मी पुढचं चोरून वाचलेलं नाही.

रजिस्टर रोज चारला उघडतो. सातशे बारा अजून सत्यशीलाच्या नावावर आहे. ते माझ्या नावावर घ्यायचं राहिलं आहे.