उजवी कड, तीन सूत

आमच्या दुकानात जोड्याकडे कोणी सरळ बघतच नाही. साच्यावर चढवला की तळ वर आणि तोंड खाली, असा पालथा मांडीत घ्यायचा आणि कामाला लागायचं. बावीस वर्षं झाली, मी नवऱ्यासमोर बसून जोड्यांचे तळच बघतेय. त्यामुळे मापाच्या चिठ्ठीवरही सगळं पालथंच लिहायचं, हा आमच्या घरचा कायदा. डावी कड म्हणजे जोडा पालथा धरल्यावर डावीकडे येते ती. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ह्यांनी मला हे शिकवलं आणि दुसऱ्या आठवड्यात मी त्यावरून भांडले, की चारचौघांसारखं सरळ लिहायला काय होतं. हे शांतपणे म्हणाले, "काम करताना हात विचार करत नाही गं, नुसतं वाचतो. त्याला दिसतं तसंच लिहावं."

ह्यांचं सगळं असंच शांत. राग काय तो माझ्या वाट्याला आलाय, दोघांचा मिळून. घरात मला मिरची म्हणतात, आणि मला ते चालतं.

बाजारातले जोडे ज्यांना होत नाहीत, त्यांचे पाय आमच्याकडे येतात. एक पाय आखूड, बोटं गेलेली, घोटा वाकडा जुळलेला. मंगळवारी हे मापाची पिशवी घेऊन मोठ्या इस्पितळात जातात आणि ज्यांना परवडत नाही त्यांची मापं घेऊन येतात. त्या जोड्यांचं आम्ही काही घेत नाही. आम्ही म्हणजे हे. मला कोणी विचारलं नव्हतं. वर प्रत्येक जोडा पुरा झाला की त्यावर तळहात ठेवून म्हणायचं, "चालव रे देवा." मी म्हणायची, देवाला एवढं कामाला लावताय तर शिलाईपण त्यालाच सांगा, माझी बोटं तरी वाचतील.

खोटं कशाला बोलू, मी कंटाळले होते. दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचा संसार, आणि अंथरुणापर्यंत चामड्याचा वास. लेक शिकतेय, तिला अभ्यासाला बसायचं तर आधी शिलाई मशीन भिंतीकडे सरकवायचं. अशात आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, एक मोठं काम घेऊन आले. ते जोड्यांच्या घाऊक धंद्यात. एका बड्या शोरूमला हातशिलाईचे जोडे हवे होते, दर महिन्याला चाळीस. वर्षभरात तिसऱ्या मजल्यावरचं घर होईल, लिफ्टचं, असं भाऊजींनी मला बोटांवर मोजून दाखवलं. अट एकच होती. ही वाकड्या पायांची कामं बंद करायची, कारण हातांच्या दोन जोड्यांत दोन्ही बसणार नव्हतं.

ह्यांनी मला "तुला काय वाटतं?" एवढंच विचारलं. मला काय वाटतं? मला लिफ्ट वाटत होती. दोन आठवडे मी रोज सकाळी हात जोडून देवाकडे ते शोरूम मागितलं, अगदी नाव घेऊन.

त्याच दिवसांत एका मंगळवारी, हे इस्पितळात गेलेले असताना, एक सिस्टर दुकानात आली. दोन तास बस बदलत, दुसऱ्या गावाहून. आठ महिन्यांपूर्वी स्कूटरने उडवलं होतं, डावा घोटा जुळला पण पाऊल आत कलायला लागलं. जुन्या बुटाचा तळ आतल्या बाजूने पार गेलेला, वर बँडेज गुंडाळून चालत आली होती. म्हणाली, पुढच्या शनिवारी दहा वाजता डॉक्टरांसमोर परीक्षा आहे. आधाराशिवाय लांब पॅसेज चालून दाखवायचा आणि दोन जिने चढायचे. जमलं तर परत वॉर्डात. नाही जमलं तर फायलींच्या टेबलावर, कायमचं.

"नोकरी राहील हो," ती म्हणाली. "पण मला फायली नकोत. मला माझे पेशंट हवेत."

मी तिचा पाय समोर घेतला आणि नेमका भाऊजींचा फोन. शोरूमच्या मॅडम स्वतः येणार, दुकान बघणार, सही तिथेच होणार. मी फोन खांद्याने कानाला दाबला, एका हाताने पाऊल सरळ धरून बघितलं, दुसऱ्याने चिठ्ठी लिहिली. पाऊल आत कलतं, म्हणून बुटाच्या आतल्या कडेखाली पाचर घालायची, तीन सूत जाडीची, म्हणजे पाव इंचाहून जरा जास्त, अस्तराखाली, बाहेरून कळणारसुद्धा नाही अशी. सोपं काम. लिहिलं आणि मोकळी झाले. हे नंतर म्हणाले, "शेवटच्या शिलाईआधी एकदा पायात घालून बघायला हवं." मी म्हटलं, ती बिचारी दोनदा कुठे येणार? मग चिठ्ठीप्रमाणे ह्यांनी बूट केले, हात ठेवून देवाला सांगितलं, आणि पुढच्या बुधवारी बसच्या पार्सलने पाठवून दिले.

शुक्रवारी चार वाजता मॅडम येणार होत्या. सकाळपासून मी दुकान घासत होते. बाकाच्या कडेला एक गंजका खिळा आहे, त्यावर हे झालेल्या कामाच्या चिठ्ठ्या टोचून ठेवतात. म्हटलं हे ध्यान आज तरी नजरेआड जाऊ दे, म्हणून गठ्ठा उपसला. सगळ्यात वरची चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. "सिस्टर. डावा. उजवी कड, तीन सूत."

उजवी कड. मी तिथेच बाकावर बसले. डाव्या बुटाची आतली कड, सरळ बघितलं तर उजवीकडे. पालथं बघितलं तर डावीकडे. मी बूट घालणाऱ्याला दिसतं तसं लिहिलं होतं, सरळ. आणि ह्यांनी वाचलं होतं पालथं, बावीस वर्षं वाचतात तसं. पाचर बाहेरच्या कडेला गेली होती. आधीच आत कलणाऱ्या पायाला आम्ही आणखी आत ढकललं होतं.

फोन लावला, ती उचलेना. परत लावला, तेच.

आता खरं सांगते. हे मागच्या खोलीत दाढी करत होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि कधी कळलंही नसतं. चार वाजता सही झाली असती, मग संध्याकाळी मी फोनवर सांगितलं असतं, की सिस्टर, जरा गडबड झालीये, सोमवारी या. सोमवारी. परीक्षा झाल्यावर. एवढा हिशेब माझ्या डोक्यात क्षणभरात झाला, याची मला आजही लाज वाटते. मी चिठ्ठी पदराखाली धरून उभी राहिले. मग वाटलं, मी रोज देवाकडे शोरूम मागत होते आणि त्याने मला हे दाखवलं. कचऱ्यात गेली असती तर?

मी आत गेले आणि चिठ्ठी ह्यांच्यासमोर धरली. "मी सरळ लिहिलंय," एवढंच बोलता आलं.

ह्यांनी चिठ्ठी वाचली. गालाला साबण तसाच. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण हे म्हणाले, "दीडची बस आहे. रापी आणि आरी मी घेतो. तू दोरा आणि मेण घे." आणि उरलेली अर्धी दाढी करायला वळले.

लेकीला दुकानात बसवलं. "मॅडम आल्या की काय सांगू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "सांग, आईबाबा चूक दुरुस्त करायला गेलेत." ती म्हणाली, "आई, हे काही फार चांगलं वाटणार नाही." मी म्हटलं, "मग चांगलं वाटेल असं काहीतरी तूच शोध, शिकतेयस ना एवढं." बिचारीवर उगाच डाफरले.

बसमध्ये हे खिडकीशी झोपले. खरंच झोपले. मी दोन तास मेणाचा गोळा मुठीत दाबत बसले.

सिस्टर इस्पितळामागच्या क्वार्टर्समध्ये राहायची, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून आलो तर ती पॅसेजमध्येच दिसली. एक हात भिंतीला, पायात आमचे बूट, या टोकाकडून त्या टोकाकडे चालत होती. तोंडाने आकडे मोजत होती. फोन आत कुठेतरी पडलेला. आम्हाला बघून दचकली, आणि पहिलं वाक्य काय बोलली तर, "अरे देवा, तुम्ही एवढ्या लांबून आलात? माफ करा हं, मला अजून जमत नाहीये."

मला कळेचना. "काय जमत नाहीये?"

"तुमच्या बुटात चालायला. पाऊल सारखं आत पडतंय. माझंच चुकतंय काहीतरी. कालपासून सराव करतेय, काल शंभर फेऱ्या मारल्या, आज ऐंशी झाल्या. सकाळपर्यंत सवय होईल ना?"

घोटा लिंबाएवढा सुजला होता. मला तोंडात मारल्यासारखं झालं. हे खाली बसले आणि म्हणाले, "बूट काढा ताई, जरा बघू दे." ती स्टुलावर बसली. हे पॅसेजमध्येच मांडी ठोकून बसले, रापीने तळाची शिवण उसवली, तळ सोडवला, पाचर बाहेर काढली आणि दुसऱ्या कडेला बसवली. मी दोऱ्याला मेण लावत होते. मान खाली घालून. चिकटवलेलं सुकायला वेळ लागणार, तर सिस्टरने शेजारणीकडून केस वाळवायचं मशीन आणलं. शेजारीण दारात उभी राहून बघत होती, बुटाचे केस वाळवणारी माणसं तिने पहिल्यांदाच पाहिली असावीत.

सव्वाचारला भाऊजींचा फोन आला. बूट माझ्या मांडीत, पालथा, अर्धी शिवण घातलेली.

"वहिनी, आहात कुठे? मॅडम येऊन बसल्यात. तुमच्या लेकीने त्यांना काय काय सांगितलंय देव जाणे, पण त्या चिडलेल्या नाहीत. म्हणतायत, फोनवर हो म्हटलं तरी चालेल. फक्त ती बाकीची कामं आजपासून बंद. बोला, हो सांगू ना?"

हे माझ्याकडे बघत होते. फोनवर भाऊजींचा आवाज एवढा मोठा, की सिस्टरलाही सगळं ऐकू गेलं असेल. ह्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सुचवलं नाही. दोन आठवडे जसं माझ्यावर सोडलं होतं तसंच आत्ताही सोडलं. त्या माणसाने माझ्यावर आयुष्यभर टाकलेला विश्वास मला त्या घटकेला अंगावर कांबळं पडावं तसा जाणवला, जड आणि उबदार.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, तुमचे उपकार आहेत. पण नाही जमणार. मॅडमना चहा पाजून पाठवा. आणि तुम्हीपण घ्या, ओरडून घसा बसला असेल."

फोन ठेवला आणि उरलेली शिवण घातली. एवढी नीट शिवण मी लग्नानंतर कधी घातली नसेल.

सिस्टरने बूट घातले. उभी राहिली. एक पाऊल, दुसरं पाऊल. भिंतीवरचा हात तिने स्वतः काढला नाही, तो आपोआपच सुटला. पॅसेजच्या त्या टोकाला जाऊन वळली, परत आली, आणि पाऊल जिथे पडायला हवं तिथेच पडत होतं. शनिवारी ती पास झाली हे आताच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. साडेअकराला तिचा फोन आला, "वॉर्ड सात," एवढंच म्हणाली आणि कामाला पळाली. भाऊजी महिनाभर रुसले. आम्ही अजून त्याच दोन खोल्यांत आहोत, मशीन अजून भिंतीकडे सरकवावं लागतं, आणि मी त्यावरून अजून कुरकुरते. पण सकाळी हात जोडले की मागायचं काय ते मला हल्ली आठवत नाही. जे आहे त्याचीच यादी करता करता चहाची वेळ होते.

तर त्या संध्याकाळी ती चालत परत आली, आमच्यासमोर थांबली आणि तिने विचारलं, "आत्ता अचानक कसं जमलं? काय केलंत तुम्ही?"

हे म्हणाले, "आमच्याकडून जरा चूक..."

"ह्यांच्याकडून नाही," मी मध्येच म्हटलं. "माझ्याकडून. तुमचं माप घेताना माझं लक्ष फोनवर होतं. पाचरेची कड मी चुकीची लिहिली. बूटच उलटे झाले होते सिस्टर. त्यात कोणालाच चालता आलं नसतं."

मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं. एकशेऐंशी फेऱ्या मारल्या होत्या तिने. पण तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे माझ्या पायाचं काही चुकत नव्हतं?"

"नाही हो. पाय बिचारा खरं तेच सांगत होता."

"मला वाटलं, मी आता कधीच..." तिने वाक्य पुरं केलं नाही. माझा मेणाने माखलेला हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला. मग सोडला, आणि पुन्हा एकदा पॅसेजच्या त्या टोकापर्यंत चालून आली, न मोजता.