लोळलेला ऊस

"वादळात ताठ झाड मोडतं, वाकणारं गवत वाचतं. मन असं लवचिक ठेवा, ताई!" पुण्याहून आलेले व्याख्याते माईकवर म्हणाले आणि भवानीनगरच्या महिला मेळाव्यात टाळ्या पडल्या.

सगळ्यांत जोरात टाळ्या पहिल्या रांगेतल्या हिंदुरावांनी वाजवल्या. माधवी आपल्या या थोरल्या दिरांकडे बघतच राहिली. गवताला अंथरूण ओलं करणारी सासू नसते आणि बारामतीच्या फ्लॅटमध्ये बसून फोनवर शहाणपण शिकवणारा दीरही नसतो, हे त्या भल्या व्याख्यात्याला कोण सांगणार?

तिच्या सासू द्वारकाबाई सहा वर्षांपासून विसरत चालल्या होत्या. आधी गॅसवरचं दूध विसरल्या, मग घराची वाट, मग माणसं. रात्री उठून "गुरं माळावरच ऱ्हायली" म्हणत दार उघडून चालू लागायच्या. म्हणून घराला दिवसासुद्धा कडी-कुलूप, आणि रात्री जुन्या लुगड्याची एक पट्टी सासूच्या नि आपल्या मनगटाला बांधून माधवी झोपायची. झोपायची म्हणजे नुसती पडायची.

छातीत धडधडायला लागलं, हातातलं भांडं का घेतलं तेच आठवेना, तेव्हा ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "गोळ्या देते, पण खरं औषध झोप आहे. आठ दिवस दुसऱ्या कुणाला तरी सांभाळू दे, नाहीतर आजींच्या आधी तुम्हीच अंथरूण धराल."

तिनं हिंदुरावांना फोन केला. फक्त आठ दिवस मागितले.

"अगं, आईला तुझ्याबिगर कुणाचा सराव न्हाय," ते म्हणाले. "आन् तू लई खंबीर हायेस. आमच्या हिला जमायचं न्हाय ते."

आठ दिवस राहिले बाजूला, आठवड्याभरात निरोप आला तो सत्काराचा. 'आदर्श सून' म्हणून तिचं नाव सुचवलं होतं खुद्द हिंदुरावांनीच! हरभऱ्याच्या झाडावर चढवायला यांचं काय जातं? तिचा नवरा युवराज, भावापुढे कधी तोंड न उघडणारा, आज आईजवळ बसायला कारखान्यातून सुटी काढून घरी थांबला होता. बायकोच्या सत्कारासाठी सुटी मिळते, झोपेसाठी मिळत नाही. माधवीला संताप आला तो याचा.

तिचं नाव पुकारलं. अध्यक्षबाई शाल उलगडून पुढे झाल्या. माधवीनं हात आडवा धरला.

"जरा थांबा, ताई. आधी बोलते." तिनं माईक हातात घेतला. "सायेब, तुमचं गवताचं खरं आसंल. आमच्याकडं ऊस वाकला की लोळतो. आन् लोळल्याल्या उसाला उंदरं खात्यात. त्येला कुणी शाबास म्हणत न्हाय. चार ऊस एका जागी बांधून उभा करत्यात."

मागच्या बायका हसल्या, तोवर ती पहिल्या रांगेकडे वळली होती.

"भावजी, आपल्या हिरीच्या पाण्याची पाळी तुमी कधी चुकवली न्हाय. तुमचा वार उजाडला की बारामतीवरनं हजर. एकदा आमची मोटार जरा जास्त चालली, तर गावातल्या आबाजींना मधी बसवून निवाडा केला. हिरीला पाळी हाय, मग आईला का न्हाय? उद्यापासनं आठ दिवस आत्या तुमच्याकडं. तुमी व्हय म्हणा, मग घालू द्या शाल."

"बरुबर हाय!" मागून एक म्हातारी ओरडली. मग दुसरी, मग चार-पाच जणी.

हिंदुरावांनी रुमालानं मान पुसली. "नेतो की. त्यात काय येवढं?" ते म्हणाले. एवढं काही नव्हतं, तर सहा वर्षं का लागली, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही.

सकाळी गाडी दारात आली. द्वारकाबाईंनी समोरच्या माणसाला खालीवर न्याहाळलं आणि माधवीचा पदर धरला.

"ह्यो पाव्हना कोण गं?"

"तुमचा थोरला, आत्या. हिंदुराव."

"व्हय का?" म्हातारी म्हणाली. "लई लांबनं आला आसंल. च्या दे त्येला."

हिंदुरावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. माधवीनं उशाखालची लुगड्याची पट्टी आणून त्यांच्या हातावर ठेवली.

"राती तुमच्या आन् त्येंच्या मनगटाला बांधा. उठल्या की कळतं. घट्ट आवळू नका, कातडी पातळ झालीया."

त्यांनी पट्टी खिशात घातली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत माधवी ओट्यावर उभी होती. मनगटावर पट्टीचा पांढुरका वळ होता, तो तिनं उगीच चोळला. मग आत जाऊन सतरंजी टाकली आणि भर दिवसा, दार सताड उघडं ठेवून, ती झोपली.