चाचणीचे दोन घास

काकूंनी पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला आणि त्याच्या शेजारी चहाची गाळणी.

"हे काय, काकू?" सेल्समनने विचारलं.

"उकडलेलं गाजर आणि मटार. केळं काय, कुठलाही मिक्सर वाटतो. हे वाटून दाखवा."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. घशाच्या ऑपरेशनमध्ये काकांचा आवाज गेला होता, आणि तेव्हापासून सगळं वाटूनच खावं लागत होतं. मग जुन्या मिक्सरमधून सुटलेलं मटाराचं एक साल श्वासनलिकेत गेलं, आणि काका मरता मरता वाचले. पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सेल्समनने दोन मिक्सरमध्ये ते वाटलं. महागडा हलकेच घुमला. स्वस्तातल्याने सगळं दुकान डोक्यावर घेतलं. काकूंनी दोन्हींतलं थोडं थोडं गाळून पाहिलं. महागड्याचं गाळणीत काहीच उरलं नाही. स्वस्तातल्याचं चिमूटभर साल उरलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? काकूंनी महागड्याकडे बोट दाखवलं.

शेजारी उभ्या काकांनी त्याच्या किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि जागेवर ठेवली. मग स्वस्तातल्याच्या भांड्यातला चमचाभर लगदा, न गाळताच, तोंडात घातला.

"अहो, थांबा!"

काकांनी मान खाली घातली, रुमालाने तोंड पुसलं आणि अंगठा वर केला. खोकला नाही की ठसका नाही. दुसरा घास. पुन्हा रुमाल, पुन्हा अंगठा.

"घ्या, काकांनीच पास केला!" सेल्समन म्हणाला. "आता जाहिरातीत तुम्हीच, काका."

काकू कितीतरी दिवसांनी हसल्या. खरं सांगायचं तर महागड्याची किंमत त्यांनाही जड जात होती. नवऱ्याने गोष्ट सोपी करून दिली, त्यांनी ती करून घेतली. स्वस्त मिक्सर घरी आला.

संध्याकाळी त्यांनी त्यात गाजर-मटार वाटले. वाटता वाटता काकांचे कपडे भिजत घालावेत म्हणून खिशातला रुमाल काढला, तर तो जड लागला. उघडला. दोन्ही घास आत होते, सालांसकट.

काकूंना आधी त्यांचा भयंकर राग आला. मग स्वतःचा, आणि तो काही केल्या उतरेना. वापरलेला मिक्सर दुकान परत घेणार नव्हतं. त्यांनी वाटलेलं सगळं गाळणीतून गाळलं, मग पातळ फडक्यातून, मग पुन्हा एकदा फडक्यातून. वाटीच्या तळाशी जेमतेम चार चमचे उरले.

वाटी घेऊन त्या काकांसमोर बसल्या. त्यांच्या हातातला दुसरा, धुतलेला रुमाल काढून घेतला आणि आपल्या मांडीखाली ठेवला. काकांनी रुमाल गेला तिकडे पाहिलं, मग काकूंकडे.

काकूंनी चमचा उचलला. तो काकांच्या ओठांपर्यंत पोचायच्या आधीच काकांनी अंगठा वर केला.